जेडी म्हणजे नेमकं काय? एक संक्षेप, तीन अर्थ आणि रायगडावरचा शुक्रवार

जेडी हा संक्षेप तारखेच्या संदर्भात दिसला, की तो कोणी लिहिलाय हे आधी बघावं लागतं. इतिहासाचा अभ्यासक ‘ज्युलियन डेट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ज्युलियन कॅलेंडरातली, म्हणजे जुन्या पद्धतीची तारीख असते. खगोलाचा अभ्यासक तेच शब्द वापरतो तेव्हा त्याच्यासमोर चोवीस लाखांच्या घरातला एक भलामोठा आकडा असतो. आणि कारखान्याच्या गोदामात किंवा बँकेच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ज्युलियन डेट’ म्हणजे वर्षातला कितवा दिवस, एवढंच.

एकाच दिवसाला तिन्ही अर्थ लावून पाहिले की फरक लगेच कळतो. उभ्या महाराष्ट्राला पाठ असलेली तारीख घेऊ: ६ जून १६७४, रायगडावरचा राज्याभिषेक. पहिल्या अर्थाने ६ जून हीच ज्युलियन तारीख आहे. आज आपण जे कॅलेंडर वापरतो त्यात तोच दिवस १६ जूनला येतो. दुसऱ्या अर्थाने, महाराज सिंहासनावर बसले तेव्हा २३,३२,६४२ हा जेडी चालू होता. तिसऱ्या अर्थाने उत्तर आहे १५७, कारण ६ जून हा त्या वर्षाचा १५७वा दिवस. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि तिन्हींचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही.

या तिघांत खगोलातला जेडी मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुनी तारीख की नवी, तिथी की तारीख, दिवस सूर्योदयाला बदलतो की मध्यरात्री, असे जे प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षं चघळले जातात, त्यांची तपासणी करायची तर पायाखाली एक पक्की जमीन लागते. ती जमीन म्हणजे जेडी. पण तिथवर जाण्याआधी पहिला अर्थ नीट समजून घेऊ, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

मुंबईची तारीख, गोव्याची तारीख

ज्युलियस सीझरने इ. स. पू. ४५मध्ये लागू केलेल्या कॅलेंडरात दर चौथं वर्ष लीप असे, म्हणजे वर्षाची सरासरी लांबी ३६५.२५ दिवस. ऋतूंचं खरं वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण साचत साचत साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला होता आणि त्यावर अवलंबून असलेल्या ईस्टरचं गणित बिघडलं होतं. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२मध्ये दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. वारांची साखळी तुटली नाही, तारखांनी फक्त उडी मारली. पुढे पुन्हा चूक साचू नये म्हणून ४०० वर्षांतली तीन लीप वर्षं कमी केली. म्हणून १७००, १८००, १९०० ही लीप वर्षं नव्हती आणि २००० होतं.

ही सुधारणा सगळ्या जगाने एका दिवशी स्वीकारली असती तर इतिहासकारांचं आयुष्य सोपं झालं असतं. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ती लगेच घेतली. इंग्लंडने मात्र पोपचा हुकूम म्हणून दूर ठेवली, ती थेट १७५२पर्यंत. त्यामुळे आपल्याच किनाऱ्यावर एक चमत्कारिक परिस्थिती होती. १६७४मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांवर नवी तारीख पडायची आणि मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांवर जुनी. दिवस एकच, कागदावर दहा दिवसांचं अंतर. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून गेला होता, म्हणून त्याच्या लिखाणात ६ जून येतो. गोव्याहून गेलेल्या एखाद्या पोर्तुगिजाने तोच दिवस १६ जून असा लिहिला असता.

महाराजांच्या जन्मतारखेचंही तेच. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन कॅलेंडरातली तारीख आहे. ग्रेगोरियन कॅलेंडरात तो दिवस १ मार्च १६३०ला येतो. त्यात आणखी एक मेख आहे. तेव्हाच्या इंग्लंडात कायद्याच्या दृष्टीने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे त्या काळच्या इंग्रज कारकुनाने हाच दिवस लिहिला असता तर ‘१९ फेब्रुवारी १६२९’ असा लिहिला असता. जुन्या इंग्रजी पत्रांत जानेवारी ते मार्चमधल्या तारखांवर १६२९/३० असं दुहेरी वर्ष दिसतं, ते यामुळे.

१९ फेब्रुवारीची जयंती शासनमान्य आहे, ती त्या तारखेला साजरी होते आणि तिच्याविषयी तक्रार करण्यात काही अर्थ नाही. गणित करायला बसल्यावर मात्र ही तारीख कोणत्या कॅलेंडरातली, हे लक्षात ठेवावंच लागतं.

आकडा, नुसता आकडा

आता दुसरा अर्थ. महिने, वर्षं, लीपचे नियम, पोपचे हुकूम, हे सगळं बाजूला ठेवायचं. फार पूर्वीचा एक दिवस शून्य धरायचा आणि तिथून दिवस मोजत सुटायचं. आजचा जो आकडा येईल तो जेडी. घरच्या विजेच्या मीटरसारखंच हे आहे: मीटर महिना संपला म्हणून शून्यावर येत नाही, तो पुढेच फिरत राहतो, आणि किती युनिट वापरले हे दोन रीडिंगच्या वजाबाकीतून कळतं.

वजाबाकी हीच जेडीची खरी ताकद. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० यात किती दिवस गेले? बोटांवर मोजायला बसलं तर कोणता महिना तीसचा, १९४८ लीप होतं का, हे सगळं आठवावं लागेल. जेडीत पहिला दिवस २४,३२,४१३ आणि दुसरा २४,३३,३०८. फरक ८९५ दिवस. दोन तारखांमध्ये कॅलेंडर बदललं असलं तरी गणितात काही फरक पडत नाही. १५८२मध्ये ४ ऑक्टोबरचा क्रमांक २२,९९,१६० होता आणि १५ ऑक्टोबरचा २२,९९,१६१. कागदावरून दहा तारखा गळाल्या, प्रत्यक्षात एक रात्रच सरली होती, आणि आकड्याला ते बरोबर कळलं.

महाराजांच्या जन्मदिवसाचा क्रमांक २३,१६,४६५. राज्याभिषेकाच्या ६ जूनचा २३,३२,६४३. म्हणजे जन्मापासून छत्रपती होईपर्यंत १६,१७८ दिवस. (वर मी २३,३२,६४२ लिहिलं आणि इथे एक जास्त, हे चाणाक्ष वाचकाच्या नजरेतून सुटलं नसेल. ती चूक नाही. त्यामागे मोठी सुंदर गोष्ट आहे, ती पुढे येते.)

या आकड्यातून वारही निघतो. क्रमांकाला सातने भागा. बाकी शून्य उरली तर सोमवार, एक उरली तर मंगळवार, असं करत सहा उरली तर रविवार. २३,१६,४६५ला सातने भागलं की चार उरतात, म्हणजे शुक्रवार. जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या जुन्या कालानुक्रमी टिपणात, महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशीच आहे. जुळलं! आता हीच तारीख चुकून ग्रेगोरियन समजून गणित करा. क्रमांक दहाने कमी होतो, बाकी एक उरते आणि वार येतो मंगळवार. नवे नियमच मागे ताणत नेणाऱ्या सॉफ्टवेअरला १९ फेब्रुवारी १६३०चा वार विचारला तर ते मंगळवारच सांगतं, आणि मग लोक म्हणतात की शकावली चुकली. शकावली चुकलेली नसते. सॉफ्टवेअरला ज्युलियन तारीख ग्रेगोरियन म्हणून दिलेली असते.

जुन्या शिलालेखातली, ताम्रपटातली, पत्रातली मिती खरी की नंतर कोणी घुसडलेली, हे ताडायला अभ्यासक अशीच पडताळणी करतात: तिथी, वार आणि असेल तर नक्षत्र, हे तिन्ही त्या दिवशी एकत्र येतात का? ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सिवेल यांच्यासोबत १८९६मध्ये भारतीय मित्यांचं इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याची जी कोष्टकं सिद्ध केली, ती मुख्यतः या कामासाठीच. आज संगणक ते क्षणात करतो, पण पाठीमागे दिवसांची मोजणीच असते.

शून्य तिथेच का?

जेडीचा शून्य क्षण आहे इ. स. पू. ४७१३, १ जानेवारी, दुपारी बारा. त्या दिवशी जगात काही विशेष घडलं होतं का? नाही. तो दिवस गणितातून आला आहे.

१५८३मध्ये, म्हणजे पोपच्या सुधारणेच्या पुढच्याच वर्षी, जोसेफ स्कॅलिजर या फ्रेंच विद्वानाने तीन जुनी चक्रं एकत्र केली. एक २८ वर्षांचं, ज्यानंतर ज्युलियन कॅलेंडरात तारीख आणि वार यांची जोडी पुन्हा तशीच येते. दुसरं १९ वर्षांचं, ज्यानंतर अमावास्या-पौर्णिमा जवळपास त्याच तारखांना येतात. तिसरं १५ वर्षांचं, रोमन साम्राज्यातल्या करआकारणीचं. २८ × १९ × १५ = ७९८०. म्हणजे ७९८० वर्षांच्या एका मोठ्या आवर्तनात प्रत्येक वर्षाला तीन आकड्यांचा असा संच मिळतो, जो दुसऱ्या कोणत्याच वर्षाला नसतो. २०२६चा संच आहे १९, १३, ४. तिन्ही चक्रं एकाच वेळी एकवर होती असं वर्ष स्कॅलिजरने मागे मोजत शोधलं, ते इ. स. पू. ४७१३ निघालं. हे आवर्तन इ. स. ३२६७ अखेर संपेल.

त्याने या आवर्तनाला ‘ज्युलियन’ म्हटलं ते ज्युलियन वर्षाच्या लांबीवर ते बेतलं होतं म्हणून. स्कॅलिजरच्या वडिलांचं नाव ज्युलियस होतं, त्यावरून मुलाने हे नाव दिलं अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्याने स्वतः दिलेलं कारण मात्र वर्षाचंच आहे.

स्कॅलिजर वर्षं मोजत होता. त्याच शून्यापासून दिवस मोजायची पद्धत खगोलशास्त्रात रुळवण्याचं श्रेय जॉन हर्शेल यांना जातं. १८४९मध्ये त्यांनी ती मांडली. शून्य इतकं मागे असल्याचा मोठा फायदा झाला. माणसाने लिहून ठेवलेलं प्रत्येक ग्रहण, प्रत्येक धूमकेतू त्याच्या अलीकडेच येतो, त्यामुळे ऋण आकड्यांची भानगड उरत नाही. शिवाय इसवी सनाला शून्य वर्ष नाही, इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येतं, त्यातून होणारी एका वर्षाची चूकही टळते.

दुपारी बारा का? आणि रायगडावरचा शुक्रवार

जेडीचा आकडा मध्यरात्री बदलत नाही, ग्रिनिचच्या दुपारी बाराला बदलतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण आकाश बघणाऱ्या माणसाचा कामाचा दिवस म्हणजे रात्र. रात्री नऊला निरीक्षण सुरू केलं आणि तीनला संपवलं, तर वहीत मधेच तारीख बदलायची कशाला? दुपारी आकडा बदलला की अख्खी रात्र एकाच क्रमांकाखाली राहते. टॉलेमीसुद्धा निरीक्षणांचा दिवस दुपारपासून धरायचा, आणि १९२४च्या अखेरपर्यंत खगोलशास्त्रज्ञांचा अधिकृत दिवस दुपारीच सुरू व्हायचा. १ जानेवारी १९२५पासून तो मध्यरात्रीवर आला. जेडी मात्र दुपारवरच राहिला.

आपल्यासाठी हे फारच सोयीचं आहे. ग्रिनिचला दुपारचे बारा वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे आपल्याकडे जेडी बदलतो तो दिवेलागणीच्या जरा आधी. दशांश शून्य म्हणजे संध्याकाळी साडेपाच, ०.२५ म्हणजे रात्री साडेअकरा, ०.५ म्हणजे पहाटे साडेपाच. भारतातली जवळपास सगळी रात्र दशांशाच्या पहिल्या अर्ध्यात बसते. हवाई बेटांवरच्या मौना केआ इथल्या निरीक्षकांना ही चैन नाही. त्यांचा आकडा ऐन रात्री दोनला बदलतो.

आता रायगडावर परत जाऊ. जेधे शकावली म्हणते की शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ महिन्यात, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली तेव्हा महाराज सिंहासनी बसले. इंग्रजी पद्धतीने मात्र ६ जून १६७४ हा शनिवार होता. मग खरं काय?

दोन्ही खरं. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. सूर्योदयाला सव्वा तास बाकी असतानाची ती वेळ. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून इंग्रजांच्या लेखी शनिवार, ६ जून उजाडला होता. पण आपला वार सूर्योदयाला बदलतो आणि सूर्य अजून उगवायचा होता, म्हणून शकावलीच्या लेखी शुक्रवारच चालू होता. तिथीचंही तसंच: शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती, ती दिवसाच संपून त्रयोदशी लागली, म्हणून शकावलीत द्वादशी आणि लोकांच्या तोंडी त्रयोदशी.

जेडी काय म्हणतो ते बघा. त्या पहाटेची रायगडाची वेळ ग्रिनिचच्या वेळेत आणली तर जेडी येतो अंदाजे २३,३२,६४२.४७. पूर्णांक २३,३२,६४२. सातने भागा, बाकी चार. शुक्रवार! क्रमांक बदलायला अजून जवळपास अर्धा दिवस होता. ग्रिनिचच्या दुपारी, म्हणजे शनिवारच्या उन्हं कलायच्या वेळेला तो २३,३२,६४३ झाला, आणि म्हणून ६ जूनचा क्रमांक कोष्टकात ४३ने संपतो. रात्र न तोडण्याचा विचार आपल्या पंचांगकर्त्यांनी सूर्योदय धरून केला, खगोलशास्त्रज्ञांनी दुपार धरून केला, आणि रायगडावरच्या त्या पहाटे दोघांचा वार एकच निघाला. हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता, आणि अजूनही ते लिहिताना होतो.

अहर्गण: हीच कल्पना, आपल्या घरची

दिवसांची अखंड मोजणी भारताला नवी नाही. खगोलगणिताच्या जुन्या सिद्धांतग्रंथांत तिला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे ज्युलियन पद्धतीने इ. स. पू. ३१०२च्या १८ फेब्रुवारीपासून आजवर किती दिवस झाले, तो आकडा काढायचा आणि त्याला ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणायचं, की ग्रहाचं मध्यम स्थान मिळतं. जेडीतून ५,८८,४६५.५ वजा केले की कलियुगाचा अहर्गण हातात येतो. इतकं सरळ नातं आहे. कलियुगाचा पहिला दिवस शुक्रवार मानतात, आणि त्याचा क्रमांक ५,८८,४६६. सातने भागून बघा.

पण या मोठ्या आकड्यांचा हाताने हिशेब करणं जिकिरीचं. सोळा-सतरा लाखांना भल्यामोठ्या अपूर्णांकांनी गुणायचं, तेही पाटीवर. यावर तोडगा काढला कोकणातल्या नांदगावच्या, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याजवळच्या गणेश दैवज्ञांनी. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०च्या त्यांच्या ‘ग्रहलाघवा’त त्यांनी ११ वर्षांचं एक चक्र धरलं. एका चक्राचे दिवस ४,०१६. किती चक्रं झाली ते वेगळं मोजायचं आणि उरलेला अहर्गण तेवढा हाताळायचा, जो ४,०१६च्या वर जातच नाही. ग्रंथाच्या नावातलं ‘लाघव’ सार्थ आहे. महाराष्ट्रातली पंचांगं त्यानंतर शतकानुशतकं या ग्रंथावरून होत राहिली.

जवळजवळ साडेचारशे वर्षांनी अमेरिकेत अगदी हीच अडचण आली. १९५७मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्याच्या कक्षेचा माग ठेवायचं काम स्मिथसोनियन वेधशाळेने आयबीएम ७०४ या संगणकावर सुरू केलं. त्या संगणकाची स्मृती तुटपुंजी. चोवीस लाखांचा आकडा आणि त्यापुढचे दशांश यांत ती उगाच अडायची. म्हणून त्यांनी जेडीतून २४,००,०००.५ वजा करून टाकले. याला एमजेडी म्हणतात, सुधारित जेडी. त्याचा शून्य १७ नोव्हेंबर १८५८च्या मध्यरात्री येतो. शेवटचा ०.५ महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे एमजेडी दुपारी न बदलता मध्यरात्री बदलतो. उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या स्मिथसोनियनच्या खास कॅमेऱ्यांपैकी एक आपल्या नैनितालला होता.

आज एमजेडी सर्वत्र आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना पल्सारांचे, म्हणजे ठरावीक काळाने रेडिओलहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, स्पंद टिपतात, तिथे स्पंदाच्या आगमनाची वेळ एमजेडीतच नोंदली जाते, दशांशानंतर लांबलचक आकडे लावून.

ताऱ्याचं वेळापत्रक

जेडी खरा कामाला येतो तो रूपविकारी, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांच्या निरीक्षणात. ययाती तारकासमूहातला अल्गॉल घ्या. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे आला की अल्गॉल नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावतो. हे दर २.८६७३ दिवसांनी घडतं, म्हणजे २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी.

उदाहरण म्हणून धरा की अल्गॉलचा सर्वांत मंद क्षण जेडी २४,६१,०४२.३००ला आला. दशांश ०.३ गुणिले २४ म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ती साडेपाचमध्ये मिळवा. पूर्णांक १ जानेवारी २०२६च्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे वेळ आली २ जानेवारीला रात्री १२ वाजून ४२ मिनिटं. पुढची वेळ काढायला फक्त २.८६७३ मिळवायचे: २४,६१,०४५.१६७. म्हणजे ४ जानेवारी, रात्री साडेनऊ. झोपेच्या आधी गच्चीवर जाऊन बघता येईल अशी वेळ. पुढच्या वर्षातल्या सगळ्या वेळा याच बेरजेने निघतात आणि कुठेही महिना किती दिवसांचा हे आठवावं लागत नाही.

काटेकोर कामाला आणखी एक दुरुस्ती लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षाच्या काही महिन्यांत ती ताऱ्याच्या थोडी जवळ असते आणि काही महिन्यांत लांब. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला सुमारे ८.३ मिनिटं लागतात, म्हणून एकच घटना आपल्याला तेवढी आधी किंवा तेवढी उशिरा दिसू शकते. निरीक्षण सूर्याच्या केंद्रातून केलं असतं तर किती वाजता दिसलं असतं, हे काढलं की तो एचजेडी. सूर्यही जागचा थोडा हलतो, म्हणून सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून मोजलं की बीजेडी. केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या आलेखांत बीजेडीतून २४,५४,८३३ वजा केलेले असतात आणि टेस या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीच्या आलेखांत २४,५७,०००. दोन आलेख शेजारी ठेवून आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळणाऱ्यांनी आधी हे बघावं.

गोदामातला जेडी

तिसरा अर्थ थोडक्यात उरकता येतो. पाकिटावर, खोक्यावर किंवा जुन्या संगणकी नोंदीत २६०४५ असा आकडा दिसला तर बहुधा पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे: २०२६चा ४५वा दिवस, १४ फेब्रुवारी. मोठ्या संगणकांवरच्या प्रणालींत हा प्रकार सर्रास आहे आणि तिथे त्याला ‘ज्युलियन’ म्हणतात. सीझरशी त्याचा संबंध नाही, स्कॅलिजरशीही नाही. मला विचाराल तर इथे ‘वर्षातला दिवस’ असंच लिहावं, म्हणजे पुढे कोणाची दिशाभूल होणार नाही.

स्वतः काढायचा असेल तर

एकच आकडा लक्षात ठेवा: १ जानेवारी २०००, ग्रिनिचची दुपार, २४,५१,५४५. आधुनिक तारकानकाशांवर जे२००० लिहिलेलं असतं तो हाच क्षण. तिथून पुढे मोजायचं. १ जानेवारी २०२६साठी २६ वर्षांचे ९,४९० दिवस आणि सात लीप दिवस (२०००, २००४, असे २०२४पर्यंत), एकूण ९,४९७. बेरीज २४,६१,०४२. त्यात ४४ मिळवले की १४ फेब्रुवारी २०२६: २४,६१,०८६. सातने भागून पाच उरतात, शनिवार.

चुका दोनच ठिकाणी होतात. पहिली, अर्ध्या दिवसाची: कोष्टकं कधी दुपारचा पूर्णांक देतात, कधी मध्यरात्रीचा ‘.५’वाला आकडा, आणि आपल्या पहाटेच्या निरीक्षणाला चुकून त्या दिवसाच्या दुपारचा पूर्णांक लावला जातो. दुसरी, साडेपाच तासांची: भारतीय वेळ ग्रिनिचच्या वेळेत आणायची राहून जाते. अल्गॉलसारख्या ताऱ्यासाठी साडेपाच तास म्हणजे अख्खं ग्रहण हुकणं. निरीक्षणाच्या वहीत जेडी लिहिताना शेजारी भारतीय वेळही लिहून ठेवली, तर दोन्ही चुका नंतर पकडता येतात.